घर कोठे मांडावे? खान्देशातील कॅथलिक कुटुंब आणि घरची शाळा

नवे बिऱ्हाड थाटताना आपण आधी पाणी पाहतो, मग शेजार पाहतो आणि मुले लहान असली तर शाळा पाहतो. मराठी मध्यमवर्गीय कुटुंबांच्या स्थलांतराचा इतिहास कुणी लिहायला घेतला, तर त्याची निम्मी पाने शाळाप्रवेशाच्या चिंतेनेच भरतील. परंतु ज्या आईवडिलांनी मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचे ठरवले, त्यांनी घर कोठे मांडावे? वरवर पाहता त्यांचा प्रश्न सोपा झालेला असतो, कारण शोधायला शाळाच उरत नाही. प्रत्यक्षात तो अधिक अवघड होतो. शाळा पुस्तकांखेरीजही बरेच काही न बोलता देत असते. मुलांना सवंगडी देते, दिवसाला वेळापत्रक देते, वर्षाला परीक्षा देते. आणि शाळा धर्मभगिनींची वा धर्मगुरूंची असेल, तर प्रार्थनेची सवय आणि धर्मशिक्षणाचा तासही देते. शाळा वजा केली की हे सारे त्या घराला आपल्या परिसरातून उभे करावे लागते. म्हणून घरशाळेच्या बाबतीत ‘कोठे राहावे’ हा प्रश्न ‘कसे शिकवावे’ या प्रश्नाइतकाच मोलाचा ठरतो.

या प्रश्नाची छाननी करायला खान्देशासारखी भूमी नाही. वसईत किंवा गोव्यात चर्चची घंटा घरबसल्या ऐकू येते. तेथे हा प्रश्न फारसा बोचत नाही. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मात्र २०११च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होते, आणि त्यांतही कॅथलिक तो केवढा अंश! १९०६ साली जुन्या खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाले. ख्रिस्तसभेच्या व्यवस्थेत हा सारा मुलूख १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतो. बिशप थॉमस भालेराव हे या धर्मप्रांताचे पहिले महागुरू. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात विखुरलेली थोडकी कुटुंबे आपल्या मुलांना कशी घडवीत आली, हे पाहिले तर आपल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळसे हाती लागते.

योसेफाची निवड

घर कोठे मांडावे हा पेच पवित्र कुटुंबालाही चुकला नव्हता. संत मत्तयाच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो आला आहे. मिसर देशातून परतताना योसेफाच्या मनात यहूदियात जाण्याचे होते. ते स्वाभाविकही होते. यरुशलेम तेथे, मंदिर तेथे, शास्त्री-पंडित तेथे. परंतु हेरोदाच्या जागी त्याचा मुलगा अर्खेलाव राज्य करीत असल्याचे कळताच योसेफाला तेथे जाण्याची भीती वाटली. स्वप्नात सूचना मिळाल्यावर तो गालिलात गेला आणि नाझरेथ नावाच्या एका आडगावी राहिला. या गावाची प्रतिष्ठा एवढी बेताची, की तेथून काही चांगले निघू शकते काय, असा प्रश्न पुढे नथनेलालाच पडला.

योसेफाने काय पाहिले असावे? पहिली गोष्ट बाळाची सुरक्षितता. दुसरी, हाताला काम. नाझरेथपासून जवळच सेप्फोरिस हे नगर त्या काळात नव्याने बांधले जात होते, आणि योसेफासारख्या कारागिराला तेथे काम मिळत असावे असे अनेक अभ्यासक मानतात. तिसरी गोष्ट संत लूकने नोंदवली आहे. नाझरेथला सभास्थान होते आणि शब्बाथ दिवशी तेथे जाणे हा येशूचा परिपाठ होता. यरुशलेम मात्र तीन-चार दिवसांच्या पायपिटीवर होते; तेथे हे कुटुंब दरवर्षी वल्हांडणाला जाई. म्हणजे आठवड्याची उपासना पायी पोहोचण्याच्या अंतरावर आणि मोठे तीर्थ वर्षाच्या वारीच्या अंतरावर. मुलाला यरुशलेमच्या पंडितांच्या सावलीत वाढवण्याचा मोह योसेफ-मरियेला पडला नाही. ते पंडित येशूला बाराव्या वर्षी भेटले. तोपर्यंतची शाळा म्हणजे ते घर, ती सुतारशाळा आणि ते छोटे सभास्थान. खान्देशातील घराचा विचार करताना हे प्रमाण आपल्याला उपयोगी पडेल.

आगगाडीने आणलेली माणसे

माणसांनी कोठे राहावे हे ठरवण्याचा खान्देशातील पहिला आधुनिक प्रयत्न सरकारी होता. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर हा प्रांत इंग्रजांकडे आला. लढाया, लूटमार आणि दुष्काळ यांनी गावे ओस पडलेली होती. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला मुख्य ठाणे केले, सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली आणि घर बांधू इच्छिणाऱ्यांना सवलतीने जागा देऊन व्यापाऱ्यांना बोलावून वसवले. धुळ्याचे काटकोनी रस्ते ही त्या वसाहतीची खूण आजही दिसते.

कॅथलिक कुटुंबे मात्र अशा आमंत्रणाने आली नाहीत. त्यांना आणले आगगाडीने. १८६०च्या दशकाच्या प्रारंभी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग तापीखोऱ्यात उतरला. भुसावळ हे तोवर एक लहानसे खेडे होते; तेथे मार्गाला दोन फाटे फुटले. एक फाटा १८६७ साली नागपूरला पोहोचला, दुसरा खांडव्यावरून जाऊन १८७० साली जबलपूरला कलकत्त्याच्या मार्गाला मिळाला. इंजिने येथे बदलत, चालक-गार्ड येथे बदलत, कोळसा आणि पाणी येथे भरले जाई. या कामासाठी जी माणसे आली, त्यांत अँग्लो-इंडियन होते, गोव्याकडचे होते, मुंबई-वसईकडचे होते आणि तमिळ मुलखातलेही होते. त्यांतील बरीच कॅथलिक होती. रेल्वेच्या वसाहतीत त्यांची बिऱ्हाडे लागली आणि खान्देशात कॅथलिक उपासनेचे मुख्य ठाणे भुसावळ झाले. पुढे १९४९ साली भुसावळला आयुध निर्माणी आली, त्यानंतर वरणगावला दुसरी आली, दीपनगरला वीजकेंद्र आले, आणि केरळ व तमिळनाडूकडून आलेल्या कुटुंबांची त्यात भर पडली.

या लोकांनी भुसावळ निवडले नव्हते. नोकरीने ते निवडले होते, आणि उद्या बदलीचा हुकूम आला की मनमाड, इगतपुरी नाही तर इटारसी गाठायचे होते. अशा घरांतील मुलांचे शिक्षण ही कायमची विवंचना असे. मोठ्या कॅथलिक शाळा दूर होत्या: माझगावची सेंट मेरीज १८६४ सालची, पुण्याची सेंट व्हिन्सेंट १८६७ सालची, पाचगणीचे सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ सालचे. ऐपत आणि रेल्वेचा पास असलेल्या घरांना वसतिगृहाची वाट मोकळी होती. मूल सात-आठ वर्षांचे झाले की ट्रंक भरायची, आणि मग ते नाताळात आणि उन्हाळ्यात पाहुण्यासारखे घरी यायचे. म्हणजे रेल्वे कुटुंबातील आईला मूल घडवायला जी वर्षे हाती लागत, ती पहिली सात-आठच. क्रुसाची खूण, ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’, सायंकाळची जपमाळ, पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी एवढे त्या काळात पुरे करावे लागे. गाडीवर गेलेल्या वडिलांच्या येण्याजाण्याला काळवेळ नसे. घरातील वेदीसमोरचा दिवा आईच सांभाळी.

त्या वसाहतीचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. तिची भाषा इंग्रजी होती, तिचे लक्ष मुंबईकडे किंवा विलायतेकडे होते. कुंपणापलीकडे अहिराणी आणि लेवा गणबोली बोलणारा मुलूख पसरला होता, पण मुलांचा त्याच्याशी संबंध बाजारापुरताच येई. स्वातंत्र्यानंतर अनेक अँग्लो-इंडियन कुटुंबे देश सोडून गेली. निवृत्तीनंतर गोव्याची माणसे गोव्याला आणि वसईची वसईला परतली. श्रद्धा त्यांनी नीट सांभाळली, यात शंका नाही. परंतु जेथे चाळीस-चाळीस वर्षे काढली, त्या भूमीत त्यांची मुळे उतरली नाहीत.

याच धर्मप्रांतातील अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याची गोष्ट याच्या उलट आहे. तेथे १८७८पासून जर्मन येशूसंघीय धर्मगुरू खेड्यापाड्यांत गेले. तेथील कॅथलिक बदलीवर आलेले नव्हते, त्याच मातीतले होते. त्यांची प्रार्थना, भजन आणि धर्मशिक्षण मराठीत उभे राहिले. १९०३ साली राहुरीजवळच्या केंदळ येथून फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ हे मासिक सुरू केले. ज्या घरात एकच जण वाचता येणारा असे, त्या घरात तो मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. मासिक जेथे पोहोचे, तेथे घरची शाळा भरे. मुलाची प्रार्थनेची भाषा आणि रस्त्यावरची भाषा एकच असणे किती मोलाचे आहे, हे भुसावळची वसाहत आणि नगरची खेडी शेजारी ठेवून पाहिले की लक्षात येते.

पाटण, आसोदे, धरणगाव

घरी शिकण्याची कल्पना परदेशातून आली असा समज आहे. खान्देशाला ती मुळीच नवी नाही. चाळीसगावजवळ पाटण येथे पाटणादेवीच्या परिसरात तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख मिळाला. थोर गणिती भास्कराचार्य यांच्या घराण्याची माहिती त्यात आहे. भास्कराचार्य आपले वडील महेश्वर यांच्याजवळच शिकले. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर विद्वान निघाला आणि नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी झाला. या नातवाने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटणला मठ स्थापला, आणि त्याला मिळालेल्या दानांची नोंद त्या लेखात कोरलेली आहे. बापाने मुलाला, मुलाने नातवाला अशी चालत आलेली विद्या या नातवाने घराबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी खुली केली. घरशाळेचा याहून चांगला शेवट कोणता असेल?

दुसरे घर आसोद्याचे आणि जळगावचे. बहिणाबाई चौधरी १८८० साली आसोद्याला जन्मल्या, जळगावच्या चौधरींच्या घरी नांदल्या आणि १९५१ साली वारल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. जाते, चूल, शेत आणि सणवार हेच त्यांचे विद्यालय. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि घरातील इतरांनी कागदावर उतरवून घेतल्या, म्हणून त्या उरल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने पुस्तकरूपाने आल्या. मात्र ही गोष्ट अर्धीच सांगण्याची चाल आहे. शाळेवाचून बहिणाबाई घडल्या, हे खरे; पण शाळा शिकलेला मुलगा नसता तर त्यांची गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती. घर आणि शाळा यांना एकमेकांचे वैरी मानणाऱ्यांनी हे उदाहरण पुरते वाचावे.

तिसरे उदाहरण धरणगावच्या मुलाचे. त्र्यंबक बापूजी ठोमरे १८९० साली तेथे जन्मला. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी या किशोरवयीन मुलाला ‘बालकवी’ हे नाव दिले. पुढे तो अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरी राहिला. टिळक प्रॉटेस्टंट पंथाचे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई स्वतः लग्नानंतर घरीच लिहा-वाचायला शिकलेल्या. ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या घराचे जे दर्शन घडते, त्यात घरचे आणि बाहेरचे असा भेद फारसा दिसत नाही. दुसऱ्याच्या मुलाला घरी आणून वाढवणे, हा त्या घराचा स्वभाव होता. बालकवी १९१८ साली जळगावजवळच्या भादली स्थानकावर रेल्वे अपघातात गेले. सत्तावीस वर्षांच्या त्या आयुष्याला जे आधार लाभले, त्यांत ख्रिस्ती घराचे ते उघडे दार होते, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

ख्रिस्तसभा काय म्हणते, कायदा काय म्हणतो

आईवडील हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक होत, हे ख्रिस्तसभेचे सातत्याने चालत आलेले म्हणणे आहे. पोप अकरावे पायस यांनी १९२९ साली ख्रिस्ती शिक्षणावरील परिपत्रकात ते मांडले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हणून गौरवले आणि १९६५च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात पालकांचे हे कर्तव्य पुन्हा सांगितले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली कुटुंबावरील आपल्या प्रेषितीय बोधपत्रात त्याचा विस्तार केला. १९८३च्या धर्मसंहितेतील ७९८वे कलम तर आपल्या विषयाला थेट भिडते. कॅथलिक शिक्षण मिळेल अशा शाळेत पालकांनी मुलांना घालावे. ते शक्य नसेल तर शाळेबाहेर त्यांना योग्य कॅथलिक शिक्षण मिळेल याची काळजी घेण्यास ते बांधलेले आहेत, असा त्याचा आशय आहे. म्हणजे धुळ्याच्या किंवा जळगावच्या ज्या घरातील मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते, त्या घरालाही घरशाळेचा एक तास चुकत नाही. या अर्थी खान्देशातील बहुतेक कॅथलिक घरे अर्धी घरशाळाच आहेत.

देशाच्या कायद्याचेही भान हवे. २००२च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरवला आणि त्याच दुरुस्तीने या वयाच्या मुलांना शिक्षणाची संधी देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य केले. त्यावर आधारलेला २००९चा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. या कायद्याची रचना शाळेभोवती आहे; घरी शिकण्याचा त्यात नावाने उल्लेख नाही. त्यामुळे घरी शिकवणाऱ्यांनी मुलाच्या प्रगतीची लेखी नोंद ठेवणे आणि परीक्षेची वाट आधीच आखणे शहाणपणाचे आहे. १९८९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे आताच्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, दहावी-बारावीची परीक्षा आहे. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज तर आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. या सोयींसाठी जिल्ह्याच्या गावापासून फार दूर नसणे बरे. आडगावी राहणाऱ्याला एका सही-शिक्क्यासाठी दोन दिवस मोडावे लागतात.

लिझ्यू आणि नागासाकी

मुलांसाठी घर हलवणाऱ्या कुटुंबांचे एक ठळक उदाहरण फ्रान्समधले आहे. १८७७च्या ऑगस्टमध्ये आलांसों येथे झेली मार्टिन वारल्या. मागे पती लुई आणि पाच मुली उरल्या; धाकटी तेरेज अवघी चार वर्षांची. लुईची वृद्ध आई, मित्र, ओळखीची माणसे आणि पत्नीची कबर, सारे आलांसोंला होते. तरी त्यांनी त्याच नोव्हेंबरात बिऱ्हाड लिझ्यूला हलवले. कारण एकच: मुलींचे मामा-मामी तेथे राहत होते. आईविना वाढणाऱ्या मुलींना मायेची माणसे जवळ असावीत, म्हणून बापाने आपल्या सोयीचे गाव सोडले. तेरेजला पहिली अक्षरे घरीच, बहिणीकडून मिळाली. साडेआठाव्या वर्षी ती धर्मभगिनींच्या शाळेत गेली, तेथे ती रमली नाही, आणि १८८६ साली शाळा सोडून खासगी शिकवणीकडे वळली. घर, शाळा आणि पुन्हा घर असा तिचा प्रवास झाला. या घरातील लुई आणि झेली यांना २०१५ साली दांपत्य म्हणून संतपद मिळाले. त्यांनी घरशाळा हे व्रत म्हणून धरले नव्हते. मुलीला त्या त्या वेळी काय मानवते ते पाहिले.

दुसरे उदाहरण जपानचे. तेथे छळामुळे धर्मगुरू नाहीसे झाले आणि सुमारे अडीचशे वर्षे ख्रिस्ती लोक लपून राहिले. १८६५ साली नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसे आली आणि त्यांनी फ्रेंच धर्मगुरूला आपली श्रद्धा सांगितली. घरांनी श्रद्धा सात पिढ्या सांभाळली, असे आपण या घटनेबद्दल म्हणतो. ते खरे आहे, पण त्यामागची व्यवस्था पाहिली पाहिजे. त्या गावांत सणांचे पंचांग सांभाळणारा एक माणूस असे, बाप्तिस्मा देणारा दुसरा असे, आणि निरोप घरोघर पोहोचवणारेही नेमलेले असत. एकएकटे घर टिकले नाही. एकमेकांना धरून राहिलेली घरे टिकली.

तीन शहरे, एक हिशेब

आता खान्देशात घर मांडू पाहणाऱ्या कुटुंबाने काय पाहावे? भुसावळ, जळगाव आणि धुळे या तिन्ही शहरांत धर्मग्राम आहेत आणि कॅथलिक संस्थांच्या शाळाही आहेत: भुसावळची सेंट अलॉयशियस, जळगावची सेंट जोसेफ, धुळ्याची कनोसा. घरशाळा करणाऱ्यालाही अशी शाळा गावात असणे हिताचे. मुलाची घडी घरी नीट बसली नाही, तर परत फिरायला वाट राहते. आणि नाताळचे नाटक, गायनवृंद, धर्मशिक्षणाचे वर्ग यांच्या निमित्ताने सवंगडी मिळतात.

भुसावळच्या बाजूने जुनी परंपरा आहे आणि मुंबईपासून सुमारे ४४५ किलोमीटरवर असूनही चहूकडे जाणाऱ्या गाड्या आहेत. पण तेथे बदलीची माणसे अजूनही पुष्कळ. आज जुळलेले सवंगडी तीन वर्षांनी दुसऱ्या गावी. जळगाव तेथून सुमारे २५ किलोमीटर. विद्यापीठ, ग्रंथालये, केळीच्या बागा, ठिबक सिंचनाचे प्रयोग, आणि तास-दीड तासावर अजिंठा. पाहून शिकणाऱ्या मुलाला येथे विषयांची वाण नाही. धुळ्याला इतिहासाची गोडी असलेल्या मुलाने जावे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली तेथेच निवर्तले आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने जुने कागद जपून ठेवले आहेत. नाशिकही धुळ्याहून जवळ. तिन्ही ठिकाणी उन्हाळा कडक. चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. पहाटे पाचला उठून नऊच्या आत अभ्यास उरकण्याची मुभा घरशाळेला असते, ही तिची या मुलखातली मोठी सोय.

शेतात घर बांधून निसर्गाच्या कुशीत मुले वाढवावीत, असे स्वप्न अनेकांना पडते. ते वाईट नाही. बहिणाबाईंचे विद्यालय तेच होते. पण बहिणाबाईंच्या भोवती सासर-माहेरचे सारे गाव होते. चर्चपासून साठ-सत्तर किलोमीटरवर एकट्या पडलेल्या कॅथलिक घराला ते लाभत नाही. पावसाळ्यात दोन रविवार चुकतात, मग चार चुकतात, आणि मुलाला रविवार हा इतर दिवसांसारखाच वाटू लागतो. योसेफाचे प्रमाण येथे लावावे. दर रविवारची मिस्सा कुटुंबाच्या आवाक्यात हवी. मोठी तीर्थे दूर असली तरी चालतील. फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूची आणि सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीची यात्रा वर्षातून एकदा घडली, तरी मुलाला आपण एका मोठ्या समाजाचे आहोत याची जाणीव होते.

यापुढचा प्रश्न अवघड आहे, आणि तो टाळता येत नाही. खान्देशातील सुजाण पालकांना हे सारे पटते, आणि म्हणूनच मुले मोठी होऊ लागली की ते वसई, पुणे किंवा नाशिकला निघून जातात. तेथे चर्च भरलेले, सवंगडी पुष्कळ, धर्मशिक्षणाचे वर्ग वयानुसार. त्यांना दोष देता येणार नाही. मुलाच्या हितासाठी योसेफानेही यहूदिया टाळला. परंतु वसईहून एक कुटुंब निघाले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. धुळ्याच्या छोट्या धर्मग्रामातून एक कुटुंब गेले, तर रविवारी गाणी म्हणणारे चार आवाज कमी होतात आणि मागे राहिलेल्या कुणाच्या तरी मुलाचा एकुलता एक सवंगडी जातो. दर पिढीत जाणती घरे अशी उठून गेली, तर राहणाऱ्यांसाठी आदर्श स्थळ कधीच तयार होणार नाही.

म्हणून जाण्यापूर्वी एक करून पाहावे. आपल्याच शहरात चर्चच्या चालत्या अंतरावर दोन-तीन कॅथलिक कुटुंबांनी घरे घ्यावीत. मुले शाळेत जाणारी असोत वा घरी शिकणारी. आठवड्यातून दोन संध्याकाळी ती एका घरी जमावीत. एका घरातील आईने गणित घ्यावे, दुसऱ्या घरातील बाबांनी बायबल वाचावे, आजोबांनी खान्देशाच्या गोष्टी सांगाव्यात आणि शेवटी जपमाळ व्हावी. हे सारे मराठीत चालावे आणि शेजारच्या गल्लीतील मुलांनाही दार उघडे असावे. टिळकांच्या घरी धरणगावच्या मुलाला जागा होती. चांगदेवाने आजोबांची विद्या परक्या मुलांना दिली. आपल्या पाच-सहा मुलांच्या वर्गात आणखी दोन मुले सहज मावतील.

हे वर्षभर करून पाहिले आणि तरीही मूल एकटेच पडले, तर खुशाल दुसरे गाव पाहावे. त्या वेळी भाडे आणि पाणी यांच्याबरोबर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. रविवारी मिस्सेला पायी जाता येईल काय? सोमवारी आपले मूल कोणाबरोबर खेळेल? आणि आपण आजारी पडलो, तर मुलांना जेवायला कोण वाढील? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जेथे माणसांच्या नावांनी देता येतात, तेथे बिऱ्हाड न्यायला हरकत नाही.